भाग २३ : चोवीस मिनिटं आणि दोन प्रकारची झाडं

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना दोनदा आलेली वाक्यं तेवढी काढली आहेत.)

आज विषय मशीन लर्निंगचा आहे, पण सुरुवात खऱ्याखुऱ्या झाडापासून करू.

२८ सप्टेंबर २००३, पहाटेचे ३ वाजून १ मिनिट. स्वित्झर्लंडमधून इटलीच्या दिशेने वीज नेणारी ३८० केव्हीची एक लाईन झाडाच्या फार जवळ आली, ठिणगी पडली आणि लाईन ट्रिप झाली. इटली त्या वेळी शेजाऱ्यांकडून सहा हजार मेगावॉटहून जास्त वीज घेत होता. बंद पडलेल्या लाईनचा भार बाकीच्यांवर गेला. जास्त करंट गेला की तार तापते, तापली की लांबते, आणि खाली झोळते. ३ वाजून २५ मिनिटांनी दुसरी लाईनही अशीच झाडापाशी ट्रिप झाली. मग काही सेकंदांत इटली युरोपच्या ग्रिडपासून तुटला, आणि काही मिनिटांत सार्डिनिया बेट सोडून जवळपास अख्खा देश अंधारात गेला.

मधली २४ मिनिटं बघा. पहिली लाईन परत जोडायचे प्रयत्न झाले, इटलीला फोन गेला, आयात साधारण ३०० मेगावॉटने कमी झाली. ते पुरलं नाही. ऑपरेटरसमोरचा प्रश्न असा होता: आत्ता चाललंय खरं, पण आणखी एक लाईन गेली तर?

सिक्युरिटी म्हणजे इथे काय?

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना सिक्युरिटी म्हटलं की हॅकर आठवतो. वीजक्षेत्रातला जुना अर्थ वेगळा आहे. कुठलीही एक लाईन किंवा एक जनरेटर अचानक गेला तरी ग्रिड तग धरेल का, ही ती सिक्युरिटी. याला 'एन वजा एक' म्हणतात.

हे तपासायचं तर प्रत्येक संभाव्य बिघाडाचं सिम्युलेशन करावं लागतं. शॉर्टसर्किट झाल्यावर जवळचा जनरेटर वीज बाहेर ढकलू शकत नाही आणि त्याचा वेग वाढतो. सेकंदाच्या लहानशा भागात बिघाड तोडला नाही, तर तो बाकीच्यांच्या तालातून सुटतो. हे सगळ्या जनरेटरसाठी, शेकडो बिघाडांसाठी आणि दर काही मिनिटांनी करायचं. ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरवर ते शक्यच नव्हतं.

लिएजमधली कल्पना

इथे येतात लुई वेहेंकेल, बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचे संशोधक. १९८९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक पेपर लिहिला. त्यातली कल्पना सोप्या शब्दांत अशी: जड काम आधीच करून ठेवा. ग्रिडच्या हजारो काल्पनिक स्थिती तयार करा, प्रत्येकीवर निवांत सिम्युलेशन चालवा, 'सुरक्षित' किंवा 'असुरक्षित' असा शिक्का मारा आणि त्यावरून डिसिजन ट्री शिकवा. प्रत्यक्ष वेळी उत्तर क्षणात मिळतं.

डेटा काल्पनिक का? कारण खरे ब्लॅकआऊट सुदैवाने फार थोडे होतात. तेवढ्यावर कुठलंच मॉडेल शिकणार नाही.

आणि डिसिजन ट्रीच का? कारण ते वाचता येतं. समजा ट्री म्हणालं, 'या कॉरिडॉरमधून २३०० मेगावॉटपेक्षा जास्त वाहतंय आणि अमुक जनरेटर बंद आहे, म्हणून असुरक्षित.' हे वाचून ऑपरेटरला लगेच कळतं की काय कमी करायचं. नुसतं 'धोका ८७ टक्के' ऐकून तो काय करणार?

२३०० की २४५०?

पण गंमत पुढे आहे. डेटा थोडा बदलून तेच ट्री परत शिकवलं तर २३०० च्या जागी २४५० येऊ शकतं. (आकडे माझे, उदाहरणापुरते.) ज्या मर्यादेवर कंट्रोल रूमने विसंबायचं, तीच डळमळीत! वेहेंकेल आणि त्यांच्या गटाने या अस्थिरतेचा नीट अभ्यास केला.

त्याच वाटेवर २००६ मध्ये पियेर गर्ट्स, दामियाँ अर्न्स्ट आणि वेहेंकेल यांचा 'एक्स्ट्रीमली रँडमाईज्ड ट्रीज' हा पेपर आला. कट-पॉइंट एवढा हलतोच, तर तो चक्क रँडम निवडा, अशी अनेक ट्री बनवा आणि सगळ्यांचं मत घ्या. सायकिट-लर्नमध्ये 'एक्स्ट्रा ट्रीज' म्हणून आपण एका ओळीत इम्पोर्ट करतो ते हेच. मी ते किती वेळा वापरलंय, पण त्याच्या मुळाशी वीजेच्या ग्रिडवर काम करणारी माणसं आहेत हे मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं.

यात एक सौदा आहे. उत्तर स्थिर होतं, पण शंभर ट्रींचं एकत्रित मत वाचून कारण सांगता येत नाही. कुठल्या गोष्टी महत्त्वाच्या एवढं कळतं, पण 'हे कमी करा' असा सरळ नियम हाती येत नाही.

अचूकता पुरत नाही

दुसरी गोष्ट चुकांची. समजा १०० पैकी ९५ स्थिती सुरक्षित आहेत. डोळे मिटून 'सुरक्षित' म्हणणारं मॉडेल ९५ टक्के अचूक! उगाच धोका सांगितला तर थोडी महाग वीज घ्यावी लागते. धोका असून सांगितला नाही तर इटली होतो. दोन्ही चुका एकाच तराजूत तोलून चालणारच नाही.

आणि सर्वांत मोठी मर्यादा: मॉडेलला सिम्युलेटर जितका दिसतो, तितकंच जग ठाऊक असतं. आपल्याकडे ३० जुलै २०१२ ला पहाटे ४०० केव्हीची बिना-ग्वाल्हेर लाईन ट्रिप झाली आणि उत्तर भारताचा ग्रिड कोसळला. त्या लाईनवर शॉर्टसर्किट नव्हतंच. भार खूप होता, व्होल्टेज कमी होतं, आणि रिलेला तो लांबचा बिघाड वाटला. रिले असं वागतो हे सिम्युलेशनमध्ये घातलं नसेल, तर त्यावर शिकलेलं मॉडेल अशा स्थितीला खुशाल 'सुरक्षित' म्हणेल, आणि टेस्ट डेटाही त्याच सिम्युलेटरचा असल्यामुळे चूक सापडणारही नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'ग्रिडसाठी एआय, अमुक टक्के अचूक' अशी बातमी वाचली, तर तीन प्रश्न विचारा. डेटा कुठून आला? न सांगितलेले धोके किती? आणि पहाटे तीन वाजता ड्यूटीवर बसलेल्या माणसाला हे मॉडेल नेमकं काय करायला सांगतं?

तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर ती २४ मिनिटं तशीच निघून जातील.

चला, भेटू पुढच्या भागात.