माहितीचं मूळ शोधावंच!

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये असं आपल्याकडे म्हणतात. पण नेटवरच्या माहितीचं मूळ मात्र जरूर शोधावं. नाहीतर सेमिनारला उभं राहिलं की सर एकच प्रश्न टाकतात, "हा आकडा आणला कुठून?" आणि आपलं ठरलेलं उत्तर, "सर, गूगलवरून." अहो, गूगल म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, तो पोस्टमन! पत्र कोणी लिहिलंय हे पाकीट फोडल्याशिवाय कसं कळणार?

साधं उदाहरण घ्या. दिवाळी आली की ग्रुपवर एक रंगीबेरंगी फोटो फिरतो : 'दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाने टिपलेला.' प्रत्यक्षात तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांची उपग्रह-माहिती एकत्र करून २००३ मध्ये बनवलेलं ते चित्र आहे. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे. निळे, हिरवे आणि लाल दिवे अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसलेले. म्हणजे चित्र वाढत्या वस्तीचं, आणि आपण त्यात शोधतोय फुलबाज्या! नासाने २०१२ मध्ये तसा खुलासाही केला. तरी फोटो दरवर्षी येतोच.

हे झालं गमतीचं. पण मोठमोठ्यांचीही अशी फसगत होते. हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात एक वाक्य होतं : हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीही, नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे. आता याचं मूळ शोधू. अहवालाने आधार दिला होता डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेच्या २००५ च्या अहवालाचा. त्या अहवालाचा आधार होता 'न्यू सायंटिस्ट' साप्ताहिकातली १९९९ ची बातमी. आणि बातमीमागे होती एका शास्त्रज्ञाशी झालेली बातचीत. संपलं! इतर तज्ज्ञांनी तपासून छापलेला शोधनिबंध या साखळीत कुठेच नव्हता. शिवाय १९९६ च्या युनेस्कोच्या एका अहवालात जगभरातल्या हिमनद्यांच्या आक्रसण्याबद्दल साल होतं २३५०. आकड्यांची अदलाबदल, आणि तीनशे पंधरा वर्षांचा फरक!

खरं तर साधा भागाकारही पुरला असता. मोठ्या हिमनद्यांची जाडी शेकडो मीटर, आणि वर्षाला सरासरी वितळणारा थर एक मीटरहूनही कमी. मग अठ्ठावीस वर्षांत सगळं संपेल कसं?

जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने चूक जाहीरपणे मान्य केली. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. 'हिमनद्या वितळतात ही नुसती बोंब आहे' म्हणणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. वितळणं तर खरंच आहे! काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी हिंदुकुश-हिमालयातला सुमारे एक तृतीयांश बर्फ हे शतक संपेपर्यंत जाईल. एका चुकीच्या सालामुळे खऱ्या धोक्यावरच लोकांनी शंका घेतली. म्हणून हा सगळा खटाटोप.

मग आपण काय करायचं? सोपं आहे. आकडा दिसला की तीन प्रश्न विचारा : मोजलं कोणी, कधी, आणि कसं? बातमीत संशोधनाचा उल्लेख असेल तर मूळ निबंध गूगल स्कॉलरवर शोधा आणि नुसता सारांश वाचून थांबू नका. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण तळाच्या संदर्भांपर्यंत उतरा. चॅटबॉटने संदर्भ दिला तर तो निबंध अस्तित्वात आहे का तेही बघा. कधीकधी नावगाव सगळं झकास असतं, फक्त निबंधच नसतो! भारतातल्या हवामानासाठी तर लांब जायलाही नको. पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी केलेला २०२० चा अहवाल नेटवर फुकट आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, हा आकडा त्यातलाच. आणि तो कसा काढला तेही तिथेच दिलंय.

आणि हो, चूक झाली म्हणून आयपीसीसीला एकदम मोडीत काढू नका. चूक कोणाचीही होते. ती कबूल करून दुरुस्त कोण करतं, हे बघायचं. दिवाळीचा तो फोटो फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कितीजणांनी नंतर दुरुस्ती पाठवली?

तेव्हा यंदाच्या सबमिशनला कंट्रोल-सी दाबण्याआधी एकदा मुळापर्यंत जाऊन या. फार तर रात्रीचा एक चहा जास्त लागेल. पण व्हायवाला सरांनी "कुठून आणलं?" विचारलं, की उत्तर देताना आवाज खणखणीत निघेल!