गुडघाभर पाण्यातला भूगोल

दहावीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. त्यातली मुलं नळदुर्गहून निघून अलिबागला पोचतात. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या उमरीची लेकरं हा पाठ बाकावर बसून वाचतात, आणि सहलीचा विषय निघाला की गाडी देवस्थान नाहीतर वॉटर पार्क गाठते. गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहते. तिला आम्ही गंगाच म्हणतो. पर्वणीला तिथं सगळा गाव लोटतो, पण तिचं पाणी मोजायला मुलांना कोणी नेत नाही. भूगोलाचा शिक्षक म्हणून मला हे फार लागतं.

ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांच्या क्षेत्र-अभ्यासासाठी 1943 मध्येच एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिथल्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत भूगोल घेतला, तर वर्गाबाहेरचं काम करावंच लागतं. पुष्कळ शाळा त्यासाठी थेट आइसलंड गाठतात. हिमनदीतून निघालेले गढूळ प्रवाह बघायचे आणि ह्विता नदीवर राफ्टिंगही करायचं, अशी ती सहल असते. आपल्याला विमानाचं तिकीट परवडणारं नाही, पण ओढ्यात उतरून पाणी मोजायची पद्धत परवडते. तिला लागतं काय? दोरी, मीटरपट्टी, घड्याळ आणि एक संत्रं.

ओढ्याचा सरळ, उथळ भाग निवडायचा. पाणी गुडघ्याच्या वर नको. काठावर दहा मीटर मोजून दोन खुंट्या ठोकायच्या. वरच्या खुंटीपाशी संत्रं सोडायचं आणि खालच्या खुंटीपाशी ते कधी पोचतं हे घड्याळावर बघायचं. संत्रंच का, तर ते अर्धंअधिक बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि हरवलं तरी पाण्यात कचरा होत नाही. समजा, त्याला वीस सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी आणि काठाला पाणी घासून हळू चालतं, म्हणून या आकड्याला 0.85 नं गुणायचं. मग दोरी आडवी ताणून रुंदी घ्यायची, ठरावीक अंतरावर काठी उभी करून खोली बघायची. चार मीटर रुंद, सरासरी तीस सेंटिमीटर खोल ओढा असेल, तर सेकंदाला सुमारे 510 लिटर पाणी जातं, म्हणजे अठरा क्युसेक. हा हिशेब स्वतःच्या हातानं केलेल्या पोराला, पावसाळ्यात विष्णुपुरी धरणातून लाख क्युसेक सोडल्याची बातमी आली की पोटात गोळा येतो. तसा तो यायलाच हवा.

राफ्टिंगसारख्या साहसी खेळांचं खरं शिक्षण मला या मोजमापात दिसतं. 8 जून 2014 रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं आणि चोवीस विद्यार्थी वाहून गेले. आता बहुतेक मोठ्या नद्यांचं पाणी धरणांच्या दारांवर चालतं. समोरचं पाणी संथ आहे एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हे शिकायला आमच्याजवळ बाभळी बंधाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. उमरीहून रेल्वेनं धर्माबादला उतरायचं, तिथून बंधारा जवळ. चौदा दारं, साठवण 2.74 टीएमसी. खाली तेलंगणातलं पोचमपाड धरण, त्याच्या फुगवट्याच्या हद्दीतच हा बंधारा आल्यामुळे दोन राज्यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, असं ठरलं. भर पावसाळ्यात दारं उघडी का, हा प्रश्न मुलांना तिथं उभं राहून पडू द्यावा.

पुढं राज्याची हद्द ओलांडली की कंदकुर्ती. आमच्या लेकरांचा परदेश म्हणा हवं तर, जरी 1956 पर्यंत नांदेड आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. इथं मांजरा गोदावरीला मिळते. बालाघाटच्या डोंगरात उगवून बीड, लातूर, बीदर असा वळसा घालून ती इथवर येते. याच मांजरेवरचं धरण आटलं म्हणून 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दोन्ही नद्यांचं पाणी काठावरूनच दोन बाटल्यांत भरावं, रात्रभर स्थिर ठेवावं आणि तळाला बसलेल्या गाळाची तुलना करावी.

मोठ्या वर्गांना पुढं कोकणात कोलाडला न्यावं. कुंडलिकेवरचं राफ्टिंग सकाळी होतं, कारण वीजनिर्मिती करून सोडलेलं पाणी तेव्हा येतं. त्यातलं बरंचसं पाणी मुळशी धरणाचं आहे. मुळा नदी पूर्वेला, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. धरणानं तिला अडवलं आणि 1927 पासून भिऱ्याच्या वीजघरातून तिचं पाणी कोकणात उतरतं. त्या धरणात गावं बुडणार म्हणून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. राफ्टमध्ये बसण्याआधी मुलांना एवढं माहीत असावं. वल्ही मारताना मग आनंद कमी होत नाही, वाढतोच.

सुरक्षिततेत मात्र मी तसूभरही सूट देणार नाही. 2016 मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतली चौदा मुलं बुडाली. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. राफ्टिंग करवणारा त्यानुसार नोंदणीकृत आहे का, हे शाळेनं स्वतः कागद बघून ठरवावं. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहणाऱ्यालाही. गोदावरी आणि मांजरेच्या मुख्य पात्रात कोणीही उतरायचं नाही, मोजमाप ओढ्यातच.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. यंदाची एक सहल नदीसाठी ठेवा. दिवाळीनंतर, ओढ्यांना पाणी असेपर्यंत निघा. निघण्याआधी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन, त्या दिवशी वरून पाणी सुटणार आहे का, एवढं विचारा, आणि ते विचारायला चार मुलांना सोबत न्या.