एकवीस षटकांचा सब्र

अंधेरी आणि घाटकोपर यांच्या मधोमध पवई आहे. तिथे, मुलीच्या घरी, १७ जानेवारी २०२० रोजी ८६ वर्षांच्या एका गृहस्थांनी डोळे मिटले. मागे पत्नी आणि दोन मुली. कागदोपत्री नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. या नावाने त्यांना ओळखणारे फार थोडे असतील. ‘बापू’ म्हटलं की मात्र आजही वयस्कर माणसं लगेच ‘एकवीस निर्धाव’ म्हणतात.

रमजानच्या पानावर बापू नाडकर्णी कशाला, असं काही वाचकांच्या मनात येईल. त्याला एक साधं कारण आहे आणि एक घरगुती.

साधं कारण असं. रमजानला सब्राचा महिना म्हणतात. सब्र या शब्दाचं आपण ‘सहनशीलता’ असं भाषांतर करून मोकळे होतो, पण ते अपुरं आहे. मूळ अरबी शब्दात स्वतःला आवरून धरणं आहे. रोजादाराच्या समोर पाणी असतं, हात मोकळा असतो, कुणी पाहत नसतं, तरी तो ग्लास उचलत नाही. हे नुसतं सोसणं नव्हे. यात जागेपण लागतं, आणि ते दिवस मावळेपर्यंत टिकवावं लागतं.

आता मद्रासची कसोटी आठवा. जानेवारी १९६४, समोर इंग्लंड. आपले कर्णधार मन्सूर अली खान पतौडी. बुधी कुंदरन यांनी १९२ धावा केल्या होत्या, विजय मांजरेकरांनी शतक ठोकलं होतं. इंग्लंडच्या पहिल्या डावात ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळपट्टीवर असताना बापूंनी एकामागोमाग २१ षटकं निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. डाव संपला तेव्हा त्यांच्या नावापुढचे आकडे होते ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. कसोटी अनिर्णित राहिली. पाच सामन्यांची ती अख्खी मालिकाच अनिर्णित राहिली.

ही कसोटी १५ जानेवारीला संपली आणि दोनेक दिवसांत रमजान लागला. मुंबई, कलकत्ता आणि दिल्ली या मधल्या तिन्ही कसोटी रोज्यांच्या दिवसांत झाल्या. कानपूरची शेवटची कसोटी ऐन ईदच्या सुमारास सुरू झाली. तिथे भारतावर फॉलोऑनची वेळ आली आणि त्याच बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२, दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा करून सामना वाचवला. शेवटी त्यांच्यासोबत सलीम दुराणी नाबाद होते. दोन्ही डावांत बापूंना कुणी बाद करू शकलं नाही. कसोटी क्रिकेटमधलं त्यांचं हे एकमेव शतक.

मी काही क्रिकेटला इबादत म्हणत नाही. बोलस आणि बॅरिंग्टन यांनाही त्या दिवशी धावांची घाई नव्हती, हेही मान्य. पण एक चेंडू आखूड पडला, एक पायांत गेला, की निर्धाव षटक संपलं. १३१ वेळा तसं झालं नाही. त्यामागे सरावाची एक गोष्ट सांगतात. बापू नेटमध्ये खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी एक नाणं ठेवायचे आणि चेंडू त्याच नाण्यावर टाकत राहायचे. समोर फलंदाज नाही, प्रेक्षक नाहीत, फक्त नाणं. सामन्यात आकडे दिसतात. ते आकडे तयार होतात अशा सुन्या दुपारी.

आता घरगुती कारण. माझे अब्बा घाटकोपरच्या चाळीत राहायचे आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. तरुणपणी रविवारी मैदानात डावखुरी फिरकी टाकायचे, म्हणून बापू त्यांचे. पगाराच्या दिवशी ते जमिनीवर बसून नोटांचे छोटे छोटे गठ्ठे करत. भाडं, रेशन, दूध, आमची फी, आणि रमजान असला तर फित्रा आणि जकात यांचे वेगळे. मग जे उरे ते परत खिशात. आम्ही बर्फाच्या गोळ्यासाठी पैसे मागितले की अम्मी आतून हसून म्हणायची, “अरे, नाडकर्णीकडे कसली धाव मागता!”

अब्बांना ते लागत नसे. एकदा मात्र ते म्हणाले, “नाडकर्णी एकटाच टाकत नसतो. समोरच्या टोकाला दुराणी असतो. दुराणी चेंडूला उंची देतो, धावा जातात, पण बळीही मिळतात. त्याला ती मोकळीक कुणामुळे? इकडून कुणीतरी गळती थांबवतोय म्हणून. आपल्या घरातली दुराणी तुमची अम्मी आहे.”

ते खरंच होतं. इफ्तारच्या वेळी आमच्या दाराला कडी नसायची. शेजारच्या काकूंकडे भज्यांची ताटली जायची, खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे फळं, आणि मगरिबची अजान झाली की जिन्यात जो कोणी सापडेल त्याच्या हातात खजूर. अम्मी सढळ हाताने द्यायची, हिशेब ठेवायची नाही. हिशेब अब्बा ठेवायचे, म्हणून तिला ठेवावा लागत नसे. ईदला आम्हा भावंडांना नवे कपडे. अब्बांचा सदरा मागच्याच सालचा, नीळ घातलेला.

मद्रासच्या त्या डावातही तसंच घडलं होतं. बापूंना बळी मिळाला नाही, पण चंदू बोर्डे यांनी पाच बळी घेतले, आणि दुराणीही टाकत होतेच. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, पण स्वभावाने दोन टोकं. प्रेक्षक मागतील तेव्हा षटकार देणारे म्हणून दुराणींची ख्याती. त्यांचं निधन २ एप्रिल २०२३ रोजी जामनगरला झालं. त्या दिवशी आपल्याकडे दहावा रोजा होता.

बापू ४१ कसोटी खेळले. १,४१४ धावा, ८८ बळी, आणि षटकामागे सरासरी १.६७ धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांचे ५०० बळी आहेत, हे मी सांगितल्यावर क्रिकेटचे पक्के शौकीनही चमकतात. १९६४ मध्येच ऑस्ट्रेलियाविरुद्ध मद्रासला त्यांनी एका कसोटीत ११ बळी घेतले. १९६८ मध्ये वेलिंग्टनला ४३ धावांत ६ बळी, आणि त्या दौऱ्यात भारताने परदेशात पहिल्यांदा मालिका जिंकली. पण लोकांनी त्यांना एकवीस षटकांच्या चौकटीत बसवलं आणि विषय संपवला. मला हे अन्यायाचं वाटतं. आवरून धरणाऱ्या माणसाला काही करताही येतं, हे आपण सहज विसरतो. घरातल्या बापमाणसाच्या बाबतीत तर हमखास.

खेळणं थांबल्यावर ते १९८०–८१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर भारतीय संघाचे सहायक व्यवस्थापक होते. सुनील गावसकरांनी त्यांच्या निधनानंतर एक आठवण सांगितली. बापूंचे आवडते शब्द होते ‘छोडो मत’. त्यांच्या काळात हातमोजे, पॅड बेताचेच. चेंडू लागायचा तो सणसणून. तरी टिकून राहायचं. उपाहाराच्या किंवा चहापानाच्या वेळी जवळ येऊन दोन गोष्टी सांगणार, त्याही हळू आवाजात. घरातले थोरले काका बोलतात तसं.

मद्रासच्या सामन्याचा धावफलक परवा पुन्हा काढून पाहिला. इंग्लंडचा दुसरा डाव, नाडकर्णी: ६ षटकं, ४ निर्धाव, ६ धावा, २ बळी. ही ओळ मला आजवर कुणीच सांगितली नव्हती, अब्बांनीसुद्धा नाही.