भाताचं वर्ष, पाच महिन्यांचं

राब

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत भाताचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या छाटलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर रचतात, वर बारीक माती पसरतात आणि पेटवतात. हा राब. आग धुमसत राहिली की तणाचं बी मरतं, राख मिळते आणि माती भुसभुशीत होते, म्हणून रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. फांद्या जंगलातल्या, त्यामुळे इंग्रजांनी जंगलं राखीव केली तेव्हा राबावरून मोठा असंतोष उठला. ठाणे-कुलाब्यासाठी 1885 मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. गादीवाफ्यावर रोपं करा, असं कृषितज्ज्ञ आज सांगतात. ते योग्यही आहे. पण राबाला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

खाचर

पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातले मासे प्रवाहाविरुद्ध खाचरांत चढतात. ही वलगण. तेवढे दिवस घरोघरी मासे असतात. मग चिखलणी, मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. कोणतं भात कुठे लावायचं हे पाणी ठरवतं: उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात लवकर पिकणारं हळवं, मध्ये निमगरवं, ओल धरणाऱ्या सखल खाचरात उशिरा पिकणारं गरवं. वरकस उतारावर नाचणी आणि वरई. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. दुबार भात मात्र कालवा पोचतो तिथेच.

कणसरी

इथल्या वारली आदिवासींसाठी धान्य म्हणजे कणसरी देवी. नवं भात आलं की तारपा हे फुंकवाद्य वाजतं. लग्नघराच्या भिंतीवर पालघट देवीचा चौक काढतात तो तांदळाच्याच पिठाने. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हे पांढरं रेखाटन जगापुढे नेलं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत माणसं राबताना दिसतात, आणि ती चित्रं पाहताना मला आधी आवणीतल्या वाकलेल्या पाठी आठवतात.

खावटी

आवणीच्या दिवसांत कणगी रिकामी असते. तेव्हा सावकाराकडून धान्य उचलायचं आणि सुगीला वाढीसकट फेडायचं, ही खावटी. लग्नासाठी कर्ज काढणारा तर नवराबायको मिळून जमीनदाराकडे बांधला जाई. त्याला लग्नगडी म्हणत. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि जमीनदाराची ही बिनमजुरीची वेठ बंद करायचं ठरलं. किसान सभेचे गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर चार जणांचा बळी गेला. हा लढा गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवला आहे.

दिवाळीनंतर

वेठ गेली, भाताचं वर्ष मात्र पाच महिन्यांचंच राहिलं. झोडणी आटोपली की कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, तरुण मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कामाला जाता येतं, आणि घोलवडकडच्या चिकूच्या वाड्यांत तोडणीची मजुरी मिळते. या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भट्टीवर गेलेल्या घरातली मुलंही सोबत जातात आणि शाळेचं अर्धं वर्ष मागे राहतं. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. दुसऱ्या पिकापुरतं पाणी खाचरात पोचलं, तर निदान काही घरांना कुलूप लागणार नाही. सूर्या पाटबंधारे प्रकल्पाचं पाणी शहरांकडे वळवण्याला इथला शेतकरी विरोध करतो तो म्हणूनच.

उन्हं तापली की माणसं परततात. राबासाठी पाला गोळा करायचा असतो.