शोधनिबंधाला साक्षीदार हवा

वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठविणे हे आज वरकरणी फार सुलभ झाले आहे. एकेकाळी टंकलिखिताच्या तीन प्रती, काळ्या शाईने रेखाटलेल्या आकृत्या, पुठ्ठ्याच्या आधाराने बांधलेले टपाल आणि त्यानंतरची काही महिन्यांची प्रतीक्षा असा हा व्यवहार होता. आता संगणकाच्या पडद्यावरील रकाने भरले की हस्तलिखित तत्काळ संपादकाच्या दप्तरी दाखल होते. सुलभ झाले ते पाठविणे. निबंध सिद्ध करणे मात्र होते तितकेच कष्टाचे राहिले आहे. आणि या दोहोंची गल्लत झाल्याची किंमत आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे विभाग गेली काही वर्षे मोजीत आहेत.

तालुक्याच्या गावी शिकविणाऱ्या प्राध्यापकाला या वाटेवर सर्वांत मोठी धास्ती वाटते ती इंग्रजीची. ती अगदीच अनाठायी नाही. तथापि भाषेचे दोष दुसऱ्या कोणाकडूनही दुरुस्त करून घेता येतात. जे मागाहून कोणालाच पुरविता येत नाही ते ‘साहित्य व पद्धती’ या, बहुतेक लेखक घाईने उरकतात त्या, भागात असते. रब्बी ज्वारीवर प्रयोग करून ‘मालदांडी ज्वारी वापरली’ एवढेच लिहिले तर शेतकऱ्याला ते पुरेसे वाटेल, संपादकाला वाटणार नाही. मालदांडी हे सोलापूरकडील परंपरागत वाणाचे नाव आहे, आणि त्यातूनच निवड करून मोहोळ येथे तयार केलेला ‘एम ३५-१’ हा वाणही लोकांच्या तोंडी मालदांडीच असतो. बी संशोधन केंद्राकडून आणले की आठवडी बाजारातून, जमीन कोणती, पेरणी कोणत्या तारखेची, वाफे किती व त्यांची मांडणी कशी, हे सांगितले नाही तर परभणीचा किंवा धारवाडचा अभ्यासक तोच प्रयोग पुन्हा करू शकत नाही. मग निष्कर्ष कितीही आकर्षक असोत, ते केवळ लेखकाच्या शब्दावर उभे राहतात.

रानातील वनस्पतींविषयी लिहिणाऱ्याची जबाबदारी याहून अधिक. त्याने जिचे नाव घेतले ती वनस्पती खरोखर तीच होती, याला पुरावा काय? पुरावा म्हणजे दाबून वाळविलेला, जाड कागदाच्या तावावर शिवलेला नमुना आणि त्यावरील चिठ्ठी. जिच्यात स्थळ, उंची, तारीख, संग्राहकाचे नाव व क्रमांक नोंदलेले असतात. याला साक्षीदार नमुना म्हणणे योग्य होईल. ‘शंखपुष्पी’ या एका नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरल्या जातात. कोठे ती जमिनीलगत पसरणारी विष्णुक्रांता असते, तर दक्षिणेकडे काही ठिकाणी चक्क गोकर्णीचा वेल. शंखपुष्पीच्या अर्काचे गुण सांगणाऱ्या निबंधात अर्क यांतील कोणाचा काढला, हे नमुन्यावाचून कोण सांगणार?

नव्या जातीचे वर्णन करणाऱ्यावर तर नियमांचा पहाराच असतो. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत असे वर्णन लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. मेलबर्न येथे २०११ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निर्णयानुसार १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालते, आणि न छापता केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध केलेले नावही काही अटींवर ग्राह्य ठरते. (लॅटिन गेल्याचे दुःख झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ थोडेच असावेत.) नियम सैल झाले ते भाषेचे आणि कागदाचे, नमुन्याचा नियम उलट अधिक कडक होत गेला आहे. ज्या नमुन्यावरून जात ठरविली तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हे निबंधात नमूद नसेल तर १९९० पासून ते नाव विधिवत प्रसिद्ध झाल्याचेच मानले जात नाही. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीची वर्दी नियुक्त संग्रहालयास देऊन तेथे नमुना जमा करणे हेही संशोधकाचे कर्तव्य ठरविले आहे.

आकड्यांची गोष्ट याहून निराळी नाही. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांचा निबंध १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ब्रून, म्हणजे आजचे बर्नो, येथील निसर्गाभ्यासकांच्या मंडळापुढे वाचला आणि तो १८६६ साली मंडळाच्या वार्षिकात छापला गेला. मोठ्या नियतकालिकाचे वलय त्याला नव्हते, आणि १९०० सालापर्यंत त्याची कोणी फारशी दखलही घेतली नाही. परंतु दखल घेण्याची वेळ आली तेव्हा निबंध बोलका निघाला, कारण त्यात मोजलेले दाणे होते: ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे, ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. ‘सुमारे तीनास एक’ असे लिहून मेंडेल थांबले असते तर त्यांना कोणी खोडून काढू शकले नसते, आणि त्यांच्यावर काही उभारूही शकले नसते. संपूर्ण आकडे समोर होते म्हणूनच १९३६ साली रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञांना ते आकडे अपेक्षेशी जरा फाजीलच जुळतात, अशी शंका घेता आली. त्या शंकेवरील वाद पुढे अनेक दशके चालला. आज चांगली नियतकालिके मूळ आकडेवारी व जनुकक्रम सार्वजनिक कोशात ठेवण्याची अट घालतात ती काही नवी फॅशन नव्हे.

मग बिघडले कोठे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण लावले. हेतू वाईट नव्हता. पण गुण संख्येला मिळू लागताच पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिके भूछत्रांप्रमाणे उगवली, आणि पदरचे पैसे भरून त्यांत निबंध छापणे हा बढतीच्या अर्जाचाच एक भाग होऊन बसला. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या साहाय्याने ‘केअर’ नावाची नवी यादी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून नियतकालिक पारखण्याचा भार संस्थांवर व अध्यापकांवर सोपविला. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्तीही २०२२ च्या नियमांनी उठली. याद्या अशा आल्या नि गेल्या. परंतु नियतकालिक पारखण्याची एक कसोटी यादीविनाही हाताशी आहे: संपादक नमुन्याचा क्रमांक विचारतो की केवळ शुल्काची पावती? नमुन्याविषयी अवाक्षर न काढता निबंध स्वीकारणाऱ्याने तो वाचला आहे, असे मानण्याचे कारण नाही.

खऱ्या नियतकालिकाकडून हस्तलिखित परत येते तेव्हा सोबत परीक्षकांचे शेरे असतात. ते बोचतात हे खरे. पण कोणी अनोळखी जाणकार मोबदला न घेता आपला निबंध ओळीओळीने वाचतो, ही सोय साध्या महाविद्यालयीन अध्यापकाला एरवी कोठे मिळते? प्रत्येक शेऱ्यास क्रमवार, न चिडता उत्तर द्यावे, आणि न पटलेल्या शेऱ्याचे कारणासह खंडन करावे. संपादकाला त्यात वावगे काही वाटत नाही.

लेखकांच्या नावांबाबत मात्र संकोच सोडून बोलले पाहिजे. ज्यांनी झाड पाहिलेही नाही अशा विभागप्रमुखांचे नाव निबंधावर चढते आणि सड्यावरची ती जागा दाखविणारा गुराखी आभारातही सापडत नाही. ‘ऱ्हीडिया’ हे १९९१ पासून निघणारे भारतीय नियतकालिक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते कोचीनचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड साडेतीनशे वर्षांपूर्वी याहून उदार होते. त्यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅम येथे निघाला. रंगभट, विनायक पंडित व आपूभट या वैद्यांनी १६७५ साली कोकणी भाषेत लिहून दिलेली साक्ष त्यात नागरी लिपीतच छापलेली आहे, आणि मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांचीही.

आपल्याकडील निबंधांत ‘नमुना महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवला आहे’ असे वाक्य वारंवार आढळते. हा संग्रह पुष्कळदा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातील एक लाकडी कपाट असते. प्राध्यापक निवृत्त झाले की त्याची किल्ली कोणाकडे आहे हे शिपायालाही सांगता येत नाही, आणि दोन पावसाळ्यांत बुरशी व कसर यांनी तावांचा फडशा पाडलेला असतो. वास्तविक एकाच झाडाच्या दोन फांद्या दाबून दुसरा ताव पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडे किंवा आघारकर संशोधन संस्थेकडे, अथवा मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहाकडे देता येतो. त्यासाठी लागतात जुनी वर्तमानपत्रे, दाबण्यास दोन फळ्या, सुईदोरा आणि फुलोऱ्याच्या दिवसांत हात चालविण्याची तत्परता. सह्याद्रीच्या सड्यांवरील कित्येक वनस्पती जूनच्या पावसाबरोबर उगवतात आणि दिवाळीच्या सुमारास सुकून नाहीशा होतात. नोव्हेंबरात परीक्षकाने नमुना मागितला, तर पुढील मृगाची वाट पाहण्यावाचून लेखकाला गत्यंतर उरत नाही.