मोटारीचे झिजलेले स्ट्रट : परीक्षा आणि बदल

इंजिन बिघडले तर मोटार जागची हलत नाही. ब्रेक बिघडले तर चालक तत्क्षणी सावध होतो. धक्काशोषक यंत्रणेचे तसे नाही. ती दररोज थोडी थोडी झिजते आणि आत बसणारी माणसे तिच्या हेलकाव्यांना तितक्याच सावकाशीने सरावतात. काही वर्षांनी वाहन डोलू लागले तरी ‘रस्तेच खराब’ असा निष्कर्ष निघतो. तो पुष्कळदा खराही असतो, आणि म्हणूनच वाहनातील दोष झाकला जातो.

क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन यांसारख्या कुटुंबोपयोगी एसयूव्ही वाहनांच्या पुढील दोन्ही चाकांशी स्ट्रट असतात. गॅरेजमध्ये त्यांना सरसकट ‘शॉकअप’ म्हटले जाते. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात ही रचना विकसित केली. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे ती घरोघरी पोहोचली. मधोमध तेलाने भरलेली नळी, तिच्याभोवती वेटोळ्याची स्प्रिंग आणि वर रबरी माउंटिंग व बेअरिंग, असे तिचे स्वरूप असते. वाहनाचा भार स्प्रिंग पेलते. नळीतील दट्ट्या तेलास बारीक झडपांतून ढकलतो आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नाहीशी करतो. हे दुसरे कार्य मंदावले की खड्डा मागे पडल्यावरही चाक उड्या मारीत राहते. ज्या क्षणी चाकाची रस्त्यावरील पकड सुटते, त्या क्षणी ब्रेक दाबूनही उपयोग नसतो. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये प्रवासी व मालवाहतुकीच्या वाहनांस ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षे वैध असते; तोवर तिची अशी नियमित सरकारी तपासणी होत नाही. साहजिकच परीक्षेची जबाबदारी मालकावर येते. साधारणतः ८० हजार किलोमीटरनंतर स्ट्रट बदलण्याचा विचार करावा, असे उत्पादक सुचवितात. परंतु भरलेली गाडी कच्च्या रस्त्यावरून नित्य जात असेल, तर त्या आकड्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

परीक्षेची सर्वपरिचित रीत म्हणजे बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडणे. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा हलत राहिली तर दोष नक्की. मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झालेला स्ट्रट निर्दोष असतोच असे नाही, कारण निम्मा झिजलेला स्ट्रटही एवढे काम करून दाखवितो. त्याहून बोलका पुरावा टायरवर सापडतो. गाडी उभी असताना टायरवरून तळहात फिरवावा. जागोजागी खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर आपटत चालले आहे असे समजावे. नळीवर तेलाचा पुसटसा ओलावा असणे क्षम्य होय. तेल ओघळून त्यावर चिखल धरला असेल, तर आतील सील गेले आहे. ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाणे, हेही त्याचेच लक्षण.

खडखडाटाच्या बाबतीत घाई करू नये. गतिरोधकावर येणारा टकटक आवाज पुष्कळदा लिंक रॉडचा, बॉल जॉइंटचा किंवा आर्मच्या बुशचा असतो आणि हे भाग स्ट्रटच्या मानाने स्वस्त असतात. स्टिअरिंग फिरविताना स्प्रिंग झटक्याने सुटल्यासारखी वाजली, तर वरच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. एका बाजूस गाडी खचलेली दिसली तर दोष बहुधा स्प्रिंगचा असतो. ही छाननी न करता स्ट्रट बदलले, तर खर्च होतो आणि आवाज राहतो.

बदलाचे काम कुशल कारागिराचे आहे. मालकाने ते समोर उभे राहून पाहण्यास मात्र हरकत नाही. गाडी सपाट जागी घेऊन मागील चाकांना अडण्या लावाव्यात. नुसत्या जॅकवर न विसंबता भक्कम स्टँडचा आधार द्यावा. चाक काढल्यावर ब्रेकच्या नळीची पकड, सेन्सरची तार व लिंक रॉड मोकळे करावेत. खालचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेची खूण करावी. चाकाचा सांधा लोंबकळू दिल्यास ब्रेकच्या नळीस ताण बसतो, म्हणून तो बांधून ठेवावा. बॉनेटखालील कडेचे नट काढले की स्ट्रट बाहेर येतो.

खरा धोका येथे आहे. माउंटिंगच्या मध्यभागी असलेला नट दाबलेल्या स्प्रिंगला रोखून धरीत असतो. स्प्रिंग दाबण्याच्या उपकरणाने तिचा ताण पूर्ण उतरविण्याआधी तो नट सोडला, तर स्प्रिंग उसळून माणूस जायबंदी होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतात. तारेने वा दोरखंडाने स्प्रिंग आवळून वेळ निभावून नेणाऱ्या कारागिराकडे हे काम देऊ नये.

नवा स्ट्रट बसविताना रबरी थांबा, धूळरोधक आवरण व बेअरिंगही नवे घ्यावे. जुने ठेवल्यास वाचणारी रक्कम किरकोळ असते. उजवा व डावा दोन्ही एकाच वेळी बदलावेत, कारण एक ताठ व एक सैल असल्यास वळणावर व ब्रेक लावताना दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. नट-बोल्ट निर्मात्याने दिलेल्या मापाने मोजणीच्या पान्यानेच आवळावेत. स्ट्रट काढल्याने चाकांचे कोन बदलतात, तेव्हा त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे लागते. एरवी नवे टायरही काही महिन्यांत एका कडेने झिजतात.

उतरविलेल्या स्ट्रटची विल्हेवाटही विचारपूर्वक लावावी. त्यात तेल असते आणि बहुतेकांत दाबाखालील नायट्रोजन वायूही असतो. भंगारवाल्याने तो गॅसच्या ज्योतीने कापू नये वा विस्तवाजवळ ठेवू नये, एवढे त्यास देतेवेळीच सांगावे.