कार्यात्मक रंजके (वस्त्ररंजन व अंत्यसंस्करण)

कार्यात्मक रंजके म्हणजे ज्यांचा उपयोग केवळ रंग देण्यापुरता नसून प्रकाश, उष्णता, आम्लता, विद्युत् यांसारख्या बाह्य कारणांना ठरावीक प्रतिसाद देण्यासाठी केला जातो, अशी रंजकद्रव्ये होत. यांतील काही रंजके परिस्थितीनुसार रंग बदलतात, काही अदृश्य किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात, तर काहींचे कार्य डोळ्यांना मुळीच दिसत नाही. ही संज्ञा १९८०च्या दशकात मुख्यतः जपानी रसायनशास्त्रज्ञांमुळे रूढ झाली. लेखनक्षम प्रकाशीय तबकड्या, औष्णिक मुद्रण, सौर विद्युत् घट अशा क्षेत्रांतही ही रंजके वापरतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या वस्त्रोद्योगातील उपयोगांचा विचार केला आहे.

सामान्य रंजक आणि कार्यात्मक रंजक

विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये मॉव्ह हे पहिले व्यापारी कृत्रिम रंजक तयार केले. तेव्हापासून रंजक-उद्योगाची धडपड एकाच दिशेने चालत आली आहे: रंग पक्का असावा. धुण्याने, घामाने, उन्हाने, इस्त्रीने तो बदलू नये. जे रंजक परिस्थितीप्रमाणे आपला रंग बदलते ते रंगाऱ्याच्या दृष्टीने सदोष ठरते.

कार्यात्मक रंजकांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील कित्येकांचा उगम अशाच ‘दोषां’मध्ये सापडतो. ॲसिटेट तंतूवर रंगवलेली काही ॲझो रंजके उजेडात तात्पुरती वेगळी छटा धारण करतात, हे रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. हा दोष शोधण्यासाठी आयएसओ १०५-बी०५ ही स्वतंत्र चाचणीही आहे. काही पिवळी व नारिंगी व्हॅट रंजके स्वतः टिकतात, पण उन्हात सुती कापड मात्र विरवून टाकतात. खिडक्यांच्या पडद्यांबाबत ही तक्रार नेहमीची होती. काही डिस्पर्स रंजके तापवली असता थेट वायुरूप होऊन शेजारच्या कापडावर डाग पाडतात. आज पहिल्या गुणधर्मावर रंग बदलणारी वस्त्रे, दुसऱ्यावर जंतुनाशक वस्त्रे आणि तिसऱ्यावर कागदावरून कापडावर उष्णतेने चित्र उतरवण्याची छपाई उभी आहे. मात्र दोष उपयोगी ठरला म्हणून तो नाहीसा होत नाही. या रंजकांच्या जवळजवळ सर्व अडचणी तेथूनच सुरू होतात.

प्रकाशवर्णी रंजके

प्रकाश पडताच रंग धारण करणाऱ्या व प्रकाश काढून घेताच पूर्ववत होणाऱ्या रंजकांना प्रकाशवर्णी रंजके म्हणतात. टेट्रासीन या संयुगाचा नारिंगी विद्राव उजेडात फिका पडतो व अंधारात त्याचा रंग परत येतो, असे फ्रिट्झशे यांनी १८६७ मध्ये नोंदवले होते. वस्त्रांसाठी आज स्पायरोपायरान, स्पायरोऑक्साझीन व नॅफ्थोपायरान या वर्गांतील संयुगे महत्त्वाची आहेत.

स्पायरोपायरानाच्या रेणूचे दोन भाग एका कार्बन अणूपाशी जोडलेले असून ते एकमेकांना काटकोनात असतात. त्यामुळे दोन्ही भागांतील इलेक्ट्रॉन-प्रणाली तुटक राहते आणि संयुग बहुधा रंगहीन दिसते. जंबुपार (अतिनील) किरण पडले की या कार्बनाचा ऑक्सिजनाशी असलेला बंध तुटतो, रेणूचा एक भाग फिरतो आणि संपूर्ण रेणू सपाट होतो. आता इलेक्ट्रॉन-प्रणाली सलग झाल्याने तो दृश्य प्रकाश शोषू लागतो व कापड रंगीत दिसते. सावलीत गेल्यावर उष्णतेच्या प्रभावाने बंध पुन्हा जुळतो.

रेणूला फिरण्यासाठी जागा लागते, ही गोष्ट रंगाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते. पॉलिएस्टर तंतूमधील साखळ्या दाट व ताठ असतात. डिस्पर्स रंजकाप्रमाणे प्रकाशवर्णी रंजक त्यात उतरवता येते, पण तेथे त्याची हालचाल अडखळते. रंग फिका येतो किंवा सावकाश बदलतो. म्हणून पुष्कळदा हे रंजक मऊ बहुवारिकाच्या सूक्ष्मकोशांत भरून बंधक द्रव्याच्या साहाय्याने कापडावर छापतात. त्यामुळे रंग उठावदार होतो, पण कापडाचा स्पर्श जाड व राठ होतो. हवामानाचाही परिणाम होतो. रंग जाण्याची क्रिया उष्णतेने वेगवान होत असल्यामुळे थंड प्रदेशातील उन्हात जे कापड गडद दिसते ते आपल्याकडील वैशाखातील उन्हात तुलनेने फिके दिसते.

वारंवार रंग बदलताना काही रेणू प्रत्येक वेळी ऑक्सिडीकरणाने कायमचे निकामी होतात. यास रंजकाचा थकवा म्हणतात. प्रतिऑक्सिडीकारके व प्रकाश-स्थिरके मिसळून तो लांबवता येतो, टाळता येत नाही.

उष्णतावर्णी रंजके

तापमानानुसार रंग बदलणाऱ्या वस्त्रांत सहसा एकटे रंजक नसते, तर तीन घटकांचे मिश्रण असते: क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोनासारखे रंगहीन पूर्वरंजक, त्याला रंगीत रूप देणारे दुर्बल आम्ल आणि मेणासारखे विद्रावक. पूर्वरंजकाचा आम्लाशी संबंध आला की त्यातील लॅक्टोन वलय उघडते व निळाजांभळा रंग प्रकटतो. थंडीत विद्रावक घट्ट असते व हे दोन्ही घटक एकत्र राहतात. विद्रावक वितळले की त्यांची जोडी फुटते आणि रंग नाहीसा होतो. थोडक्यात, रंग बदलण्याचे तापमान रंजकावर नव्हे, तर विद्रावकाच्या द्रवणांकावर अवलंबून असते. डोडेकॅनॉल सुमारे २४° से., टेट्राडेकॅनॉल सुमारे ३८° से. व हेक्साडेकॅनॉल सुमारे ४९° से. तापमानास वितळते, त्यांच्या निवडीने उत्पादक हवे ते तापमान साधतो. तापताना रंग ज्या तापमानाला जातो, त्याहून थोड्या कमी तापमानाला तो निवताना परत येतो.

हे तीन घटक धुण्यात वेगळे होऊ नयेत म्हणून ते काही मायक्रोमीटर व्यासाच्या सूक्ष्मकोशांत बंदिस्त करतात. कोशाची भिंत पुष्कळदा मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड रेझिनाची असते. असा लेप खाली दिलेल्या नेहमीच्या पक्क्या रंगावर चढवला, तर कापड एका रंगातून दुसऱ्या रंगात गेल्याचा भास होतो. निळ्या उष्णतावर्णी लेपाखाली पिवळा रंग असेल, तर थंडीत हिरवे दिसणारे कापड हाताच्या उबेने पिवळे होते.

या तत्त्वावरील हायपरकलर हे अमेरिकेतील कपडे १९९१ मध्ये अतिशय गाजले. अतिगरम पाण्याने व इस्त्रीने त्यांची रंग बदलण्याची क्षमता नष्ट होई आणि कपडे कायमचे मळकट दिसत. ही लाट लवकरच ओसरली. प्रादेशिक हवामानाचा प्रश्न येथेही आहे. ३१° से. तापमानास रंग सोडणारा सदरा विदर्भातील उन्हाळ्यात घराबाहेर दिवसभर एकाच रंगाचा राहील.

अनुस्फुरक रंजके

व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत मोठा वर्ग हाच, आणि सर्वांत दुर्लक्षितही. पॉल क्राइस यांनी १९२९ मध्ये हॉर्स चेस्टनट वृक्षाच्या सालीतील एस्क्युलीन वापरून कापड अधिक शुभ्र दिसते असे दाखवले. आजची प्रकाशीय शुभ्रके बहुतांशी डायअमिनोस्टिलबीन डायसल्फॉनिक अम्लाची अनुजाते आहेत. ती ३४० ते ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषतात व ४२० ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बाहेर टाकतात. महाराष्ट्रातील घरोघरी वापरली जाणारी नीळ पिवळट झाक झाकते, पण त्यासाठी प्रकाश शोषून घेते. शुभ्रक प्रकाशाची भर घालते. टिनोपाल हे व्यापारी नाव भारतात याच द्रव्यांमुळे घरोघरी पोहोचले.

अनुस्फुरक पिवळ्या व नारिंगी रंजकांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. लोहमार्गावर, महामार्गावर वा बंदरात काम करणाऱ्यांची जाकिटे दिवसा दुरून दिसावीत म्हणून आयएसओ २०४७१ या मानकाने प्रकाशदीप्तीचा किमान गुणांक ठरवला आहे: पिवळ्यासाठी ०·७०, नारिंगी-तांबड्यासाठी ०·४०, तांबड्यासाठी ०·२५. पॉलिएस्टरवर पिवळ्या रंगासाठी कुमारीन वर्गातील डिस्पर्स रंजके वापरतात. उन्हाने ही रंजके झिजतात, त्यामुळे विटलेले जाकीट नुसते जुने नसते, ते निरुपयोगी झालेले असते; डोळ्याला ते अजून ‘पिवळेच’ दिसत असल्याने हा धोका सहज लक्षात येत नाही. अंधारात उपयोगी पडणाऱ्या चंदेरी पट्ट्या परावर्तनाच्या तत्त्वावर चालतात, त्यांचा या रंजकांशी संबंध नाही.

आम्लतासूचक रंजके

या वर्गाचे उदाहरण प्रत्येक मराठी घरात आढळते. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो. हळदीवर चुन्याची क्रिया करून कुंकू तयार करतात तेही याच गुणधर्मामुळे. हळदीतील कुर्कुमीन अल्कधर्मी माध्यमात प्रोटॉन गमावते आणि त्याचे प्रकाशशोषण बदलते. तोच डाग उन्हात वाळवला असता फिका पडतो, हा कुर्कुमिनाचा प्रकाशापुढील कच्चेपणा होय.

वैद्यकीय वस्त्रांत या तत्त्वाचा उपयोग करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर दीर्घकाळ न भरणारी जखम अल्कधर्मी होत जाते. पीएच ६·० ते ७·६ या पट्ट्यात पिवळ्याचे निळे होणारे ब्रोमोथायमॉल ब्ल्यू पट्टीच्या तंतूत बसवले, तर पट्टी न सोडता जखमेची अवस्था कळू शकते. अट एवढीच की रंजक पट्टीतून पाझरून जखमेत उतरता कामा नये. म्हणून रंजकाचा रेणू तंतूशी रासायनिक बंधाने जोडण्यावर संशोधनाचा भर आहे, पण असा बंध जोडला की रंग बदलण्याचे पीएच मूल्यही सरकते.

अदृश्य कार्य करणारी द्रव्ये

जंबुपार किरणांपासून संरक्षण देणाऱ्या कापडाची क्षमता यूपीएफ या अंकाने सांगतात. यूपीएफ ५० म्हणजे घातक किरणांचा केवळ पन्नासावा हिस्सा कापडातून पार जातो. अशा वस्त्रांसाठीचे मानक ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. विणीचा घट्टपणा हा सर्वांत मोठा घटक असला, तरी रंजकाचाही वाटा असतो. गडद रंगाचे कापड त्याच विणीच्या शुभ्र कापडापेक्षा सहसा अधिक संरक्षण देते. बेंझोट्रायझोल वर्गातील शोषके किरण शोषतात, रेणूच्या आतल्या आत प्रोटॉन सरकवतात व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. त्यांत एक पेच आहे: हीच द्रव्ये शुभ्रकाला लागणारे किरणही हिरावून घेतात, त्यामुळे पूर्ण संरक्षण व झगझगीत शुभ्रता एकाच वेळी साधणे अवघड जाते.

सैनिकी गणवेशाचे कापड अवरक्त किरणांतही झाडीशी मिळतेजुळते दिसावे लागते. हिरव्या पानाची परावर्तनक्षमता सुमारे ७०० नॅनोमीटरच्या पुढे एकाएकी वाढते. डोळ्याला हुबेहूब हिरवे वाटणारे कापड तेथे फारच उजळ किंवा काळे दिसले, तर रात्रदर्शक यंत्रात सैनिक उघडा पडतो. सुती कापडावर निवडक व्हॅट रंजकांच्या मिश्रणाने हा मेळ साधतात.

प्रकाशाने जंतुनाश

ऑस्कर राब यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार ॲक्रिडीन रंजकाच्या विद्रावातील पॅरामिशियम जीव उजेडात मरतात, अंधारात जगतात. रोझ बेंगाल व मिथिलीन ब्ल्यू ही रंजकेही प्रकाश शोषून हवेतील ऑक्सिजनाला सिंग्लेट ऑक्सिजन या अतिक्रियाशील रूपात आणतात व त्याने जंतू मरतात. रुग्णालयीन वस्त्रांसाठी ही पद्धत आकर्षक आहे, कारण एकाच ठराविक लक्ष्यावर आघात होत नसल्याने जंतूंमध्ये प्रतिकार निर्माण होण्याची शक्यता कमी मानली जाते. परंतु हाच ऑक्सिजन रंजकाला व तंतूलाही खातो; पडदे विरवणाऱ्या व्हॅट रंजकांचा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो.

सुरक्षितता

उष्णतावर्णी मिश्रणात आम्ल म्हणून वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए प्रजननास घातक मानले गेले असून औष्णिक मुद्रणाच्या कागदातील त्याच्या वापरावर यूरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून निर्बंध घातले. प्लॅस्टिके व लेपांत वापरले जाणारे यूव्ही-३२८ हे बेंझोट्रायझोल शोषक २०२३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत आले. बेंझोट्रायझोल वर्गातील प्रत्येक द्रव्य तितकेच घातक ठरते असे नाही, पण उन्हात व धुण्यात वर्षानुवर्षे टिकावे म्हणून घडवलेला रेणू नदीच्या पाण्यातही सहजासहजी नष्ट होत नाही.